खाडीकाठच्या मऊ जमिनीतली तोड : दिव्याजवळच्या एका कामाचा प्रकरण अभ्यास

ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत, दिव्याच्या उत्तरेला, उल्हास नदीच्या खाडीकडे उतरत जाणाऱ्या पट्ट्यात अजूनही काही कुटुंबे भात लावतात. अशाच एका कुटुंबाच्या दीड एकराच्या जमिनीतली चौदा झाडे तोडून रस्त्यापर्यंत आणण्याचे काम मी घेतले होते. माणसे सहा, साखळी करवती दोन आणि ट्रॅक्टर एक. आमच्या धंद्यात हे काम लहानच म्हणावे असे होते. चार दिवसांत उरकेल असा माझा अंदाज होता, पण ते पंधरवडाभर लांबले. त्यात ट्रॅक्टर अ‍ॅक्सलपर्यंत रुतला, चालकाच्या जिवावर बेतणारा एक क्षण येऊन गेला आणि जमीनमालकाच्या एका खाचरात खारे पाणी शिरले. यातली एकही गोष्ट टाळता न येणारी नव्हती, आणि त्या सगळ्यांचे मूळ माझ्या एकाच गैरसमजात होते. तो काय होता आणि कसा उलगडला, हे क्रमाने नोंदवावे म्हणून हे लिहीत आहे.

जागा आणि झाडे

रस्त्याला लागून भाताची तीन खाचरे आहेत. त्यांच्यापलीकडे सुमारे दोन फूट उंचीचा आतला बांध आहे आणि बांधाच्या पलीकडे भरतीचे पाणी येणाऱ्या नाल्यापर्यंत पोहोचणारी एक सखल, आडवी पट्टी आहे. नाल्याच्या तोंडाशी जुनी उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचे फळ्यांचे दार आहे. तिच्या फळ्या पूर्वीसारख्या घट्ट बसत नाहीत, त्यामुळे भरतीचे थोडे पाणी आत येतेच. मोठ्या उधाणाला ते नाल्याचा काठ ओलांडून पट्टीवर पसरते आणि आतला बांध त्याला खाचरात शिरू देत नाही. त्या कुटुंबाचे भात याच दोन फुटांच्या मातीवर टिकून आहे, हे काम सुरू करताना मला माहीत होते, पण त्याचे महत्त्व मनात पुरेसे ठसले नव्हते.

मालकाच्या वडिलांनी या पट्टीवर वारा अडवण्यासाठी सुरूची झाडे आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली होती. चौदापैकी नऊ सुरू होते आणि पाच बाभळी. मे 2021 मधल्या तौक्ते वादळात त्यातली बरीच झाडे नाल्याच्या बाजूला कलली. पाणथळ जमिनीत मुळे खोल जात नाहीत, ती ताटलीसारखी वरवर पसरतात, आणि असे एकदा हललेले झाड पुढच्या पावसाळ्यात कधी आडवे होईल याचा नेम नसतो. कललेले एखादे झाड उघाडीवर पडले असते तर दुरुस्तीचा खर्च लाकडाच्या किमतीच्या कित्येक पट झाला असता. तोडण्याचे कारण म्हणूनच खरे होते.

परवानगीविषयी थोडक्यात सांगतो, कारण याबाबत गावागावांत गैरसमज आहेत. ग्रामीण भागातल्या खाजगी जमिनीवर 1964 चा झाडतोड नियमन कायदा लागू होतो आणि त्याच्या अनुसूचीत सागवान, ऐन, खैर, आंबा, फणस, जांभूळ अशी ठरावीक झाडे आहेत. सुरू त्यात नाही, म्हणून ‘सुरूला परवानगी लागत नाही’ असे लोक सर्रास म्हणतात. महानगरपालिकेच्या हद्दीत मात्र 1975 चा नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो आणि तिथे झाड परदेशी जातीचे असो किंवा स्वतःच्या जमिनीतले असो, वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी घ्यावीच लागते. मालकाने ती रीतसर घेतली होती. नाल्याच्या पलीकडची तिवरे आमच्या कामाच्या जागेपासून बरीच दूर होती आणि तिकडे पाऊलसुद्धा टाकायचे नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवले होते.

जमिनीची पहिली परीक्षा

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला काम सुरू झाले. भात कापून झाले होते, खाचरांत धसकटे वाळली होती आणि पट्टीवरच्या मातीला भेगा पडल्या होत्या. वरून पाहणाऱ्याला पट्टी आणि खाचर यांत काहीच फरक वाटला नसता.

मी मऊ जमिनीवर पहार टोचून पाहतो. माणूस चालू शकला म्हणून ट्रॅक्टर चालेल असे नसते. उभ्या माणसाच्या तळपायाखाली दर चौरस सेंटिमीटरला साधारण पाव ते अर्धा किलो भार येतो. ट्रॅक्टरच्या टायरखालचा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाइतका, म्हणजे एक किलोच्या आसपास असतो, आणि ट्रॅक्टर ओढायला लागला की पुढचे वजनही मागच्या चाकांवर येते. पहार मात्र वरच्या पापुद्र्याखाली काय आहे ते सांगते. खाचरात ती वीतभर गेली आणि टणक थराला लागून थांबली. पट्टीवर जोर लावल्यावर हातभर गेली, कुठेही ‘टक्’ असे लागले नाही, आणि वर काढली तेव्हा खालच्या निम्म्या भागाला काळपट, चकचकीत गाळ चिकटलेला होता.

या फरकाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भाताच्या खाचरात वर्षानुवर्षे चिखलणी होते. वरची वीतभर माती घोटली जाते आणि तिच्याखाली नांगराच्या, बैलांच्या, आता ट्रॅक्टरच्या दाबाने एक घट्ट तळ तयार होतो. पाणी साठून राहते ते या तळामुळे, आणि जुलैमध्ये गुडघाभर चिखलात लोखंडी पिंजऱ्याची चाके लावून ट्रॅक्टर फिरू शकतो तोही त्याच्याच आधारावर. चाक चिखलातून खाली जाते आणि तळावर उभे राहते. पट्टीवर कधी चिखलणी झालेली नाही. भरतीने आणून टाकलेला गाळ, वर वाळलेले कवच आणि खाली तळच नाही, अशी तिची रचना. आमचा चालक मालकाचा पुतण्या होता. ट्रॅक्टरवर त्याचा हात उत्तम बसलेला होता, पण त्याचा सगळा अनुभव खाचरातला होता. “काका, याच्यापेक्षा किती चिखलात मी ट्रॅक्टर घातलाय,” असे तो म्हणाला ते खोटे नव्हते, फक्त तो चिखल वेगळा होता. हे मी त्याला त्याच दिवशी उलगडून सांगायला हवे होते. मी फक्त “पट्टीवर घालायचा नाही” एवढेच सांगितले. कारण न सांगता घातलेला नियम घाई झाली की सर्वांत आधी मोडला जातो.

पहिले तीन दिवस

अष्टमी, नवमी आणि दशमी या तीन दिवसांत नऊ झाडे पाडून रस्त्याला लागली. या दिवसांचे काम मला आजही योग्य वाटते, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

कललेले झाड तोडताना सर्वांत मोठा धोका खोड उभे फाटण्याचा असतो. कलत्या बाजूला खाच घेऊन मागून सरळ कापत गेले तर काप पुरा होण्याआधीच झाडाचे वजन खोडाला ओढते, खोड मधोमध चिरते आणि मागचा भाग करवतवाल्याच्या छातीच्या उंचीवर उसळतो. म्हणून आम्ही खाच उथळ घेतली, व्यासाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नाही. खाचेच्या मागे व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जाड बिजागरी, म्हणजे झाड ज्यावरून वळते ती न कापलेली पट्टी, ठेवून करवतीचे पाते खोडात आडवे शिरवले आणि मागच्या बाजूला चार बोटे लाकूड न कापता राखले. बिजागरी नीट मापात आली याची खात्री झाल्यावर, मागे पळायची वाट पाहून, ते राखलेले लाकूड कापले. झाड एकदम, पण बिजागरीवरून वळत सरळ गेले. पाते शिरवताना त्याच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला लागला तर करवत माणसाकडे उसळते, म्हणून सुरुवात टोकाच्या खालच्या कडेने करायची असते. दोन्ही करवतवाल्यांना हे येत होते.

मऊ जमिनीवर एक जादा अडचण असते. पळायची वाट नुसती मोकळी असून चालत नाही, ती पायाखाली टिकणारी असावी लागते. गाळात घोट्यापर्यंत अडकलेला माणूस पळू शकत नाही. प्रत्येक झाडामागे तिरक्या दिशेने आठ-दहा पावले आम्ही फांद्या आणि पेंढा टाकून वाट केली. याला दर झाडामागे दहा मिनिटे गेली. ओंडके कापतानाही खाली टेकू घातल्याशिवाय काप पुरा करू दिला नाही, कारण पाते एकदा गाळात घुसले की वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे साखळीची धार घालवतात आणि बोथट साखळीवर जोर द्यायला लागलेला माणूस चुका करतो.

ओढण्यासाठी ट्रॅक्टर खाचरातच उभा केला, टणक तळावर. मागच्या टायरांतली हवा बारा पौंडांपर्यंत उतरवली. पंचेचाळीस मीटरचा वायरचा दोर ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्याला लावला. वरच्या लिंकला दोर लावू नका, हे मी बजावून सांगितले होते. दोर अ‍ॅक्सलच्या वर बांधला आणि ओंडका अडला, तर ओढ ट्रॅक्टरला मागे उलटवते आणि ते एक-दीड सेकंदात घडते. क्लच दाबायचा विचार मनात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

चाळीस सेंटिमीटर व्यासाचा, तीन मीटर लांबीचा सुरूचा ओला ओंडका चारशे किलोच्या घरात जातो. तो नुसता ओढला तर त्याचे तोंड नांगराच्या फाळासारखे मातीत घुसते. आम्ही जुना जाड पत्रा वाकवून त्याची टोपी केली आणि ओंडक्याच्या तोंडावर साखळीने बसवली, त्यामुळे तोंड वर राहून ओंडका सरकत आला. बांधावर तो चढवण्यासाठी दोन बल्ल्या तिरप्या टाकल्या होत्या, म्हणजे बांधाची माती खरवडली जात नव्हती. दोर ताणला की सर्वांनी दोराच्या लांबीइतके दूर राहायचे, कप्पीतून दोर वळवला असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला कोणीही थांबायचे नाही, हे नियम त्या तीन दिवसांत कोणी मोडले नाहीत.

एक गोष्ट मात्र तेव्हाच चुकत होती आणि मला ती दिसली नाही. फांद्या आणि शेंडे शेजारपाजारची माणसे जळणासाठी मागत होती, जागा मोकळी होत होती, म्हणून आम्ही त्या नेऊ दिल्या. मऊ जमिनीवर फांद्या म्हणजे रस्ता असतो. आम्ही तो आमच्याच हाताने वाटून टाकला.

मधला खंड आणि तिथी

एकादशीला एका करवतवाल्याच्या घरी लग्न निघाले, शिवाय लाकूड उचलणारा टेम्पो आला नाही. तीन दिवस काम बंद राहिले आणि चतुर्दशीला पुन्हा सुरू झाले. उरलेली पाच झाडे पट्टीच्या टोकाला, उघाडीच्या बाजूला होती. ती त्या दिवशी पाडली. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती होती, आणि संध्याकाळी जन्मसोहळ्याला सर्वांना घरी जायचे होते. ओंडके दुपारपर्यंत बाहेर काढून हिशेब मिटवावा, असे सर्वांच्या मनात होते. माझ्याही होते.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, जेवढे येईल तेवढ्या वाजता समुद्राला भरती. अष्टमीला सहा येतात, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत आत पाणी पोहोचायला त्याहून उशीर होतो. वेळेइतकेच महत्त्व पाण्याच्या उंचीला असते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी कमी चढते आणि कमी उतरते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. म्हणजे ज्या दिवशी मी पहार टोचली तो दिवस महिन्यातल्या सर्वांत कोरड्या दिवसांपैकी होता, आणि ज्या दिवशी ट्रॅक्टर पट्टीवर घातला तो सर्वांत ओल्या दिवसांपैकी. पट्टीखालचा गाळ नाल्याशी जोडलेला आहे. नाल्यात पाणी चढले की ते खालून गाळात भरते, वरचे कवच मात्र कोरडे आणि भेगाळलेलेच दिसते. माझा गैरसमज हाच होता. जमिनीची परीक्षा एकदा केली की ती केलेली राहते, असे मी धरून चाललो. पाऊस पडला असता तर मी नक्की पुन्हा पहार टोचली असती. आठवडाभर आकाश स्वच्छ होते, म्हणून जमीनही तीच आहे असे मानले.

पौर्णिमेची दुपार

टोकाची झाडे खाचरापासून सत्तर मीटर दूर होती आणि दोर पंचेचाळीसचा. दुसरा दोर आणायचा तर कल्याणला जाऊन यावे लागले असते. सकाळी नऊ वाजता पुतण्याने विचारले, “आत घेऊ का?” आणि मी हो म्हणालो. ट्रॅक्टर पलीकडे उतरावा म्हणून आतला बांध अडीच मीटर रुंदीत फावड्याने उतरता केला. त्या जागी बांधाची उंची वीतभरसुद्धा उरली नाही.

रिकामा ट्रॅक्टर आत गेला तेव्हा टायरच्या नक्षीपुरता ठसा उमटला. पहिला ओंडका घेऊन बाहेर आला तेव्हा चाकोरी चार बोटे खोल झाली होती आणि तिच्या कडेला कवच उभे तडकले होते. काम तिथेच थांबवायला हवे होते. कवच तडकले याचा अर्थ वजन उचलणारी वस्तूच संपली. त्यानंतर त्याच चाकोरीतून जाणारी प्रत्येक खेप नव्या जमिनीवरची नसते, मोडलेल्या जमिनीवरची असते. दुसऱ्या खेपेला चाकोरीच्या तळाशी पाणी चमकले. चौथ्या खेपेला, साडेबाराच्या सुमारास, दोन ओंडके मागे असताना ट्रॅक्टर एका बाजूला झुकला आणि थांबला. चालकाने डिफ-लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी कळ) दाबून इंजिन वाढवले, दोन्ही चाके जागच्या जागी फिरली आणि दहा-पंधरा सेकंदांत अ‍ॅक्सल मातीला टेकला.

मी तेव्हा रस्त्यावर टेम्पोवाल्याशी बोलत होतो. हाका ऐकून परत येईपर्यंत मदतनीसांपैकी एकाने सुरूची मनगटाएवढी बल्ली मागच्या चाकांपुढे आडवी टाकली होती आणि साखळीने दोन्ही चाकांना जखडली होती. हा उपाय आपल्याकडे सर्वत्र करतात. चाक फिरले की बल्ली खाली जाते आणि ट्रॅक्टर तिच्यावर चढतो, अशी कल्पना असते. चालकाने क्लच सोडला. चाके फिरली नाहीत, आणि ट्रॅक्टरचे पुढचे तोंड जमिनीपासून सुटले. आधी मला वाटले तो चढतोय. मग पुढच्या दोन्ही चाकांखालून उजेड दिसला, सायलेन्सरचा पाइप मागे कलू लागला आणि पुतण्याची पाठ सीटच्या मागे झुकली. मी “क्लच!” एवढेच ओरडलो. त्याने माझे ऐकून दाबला की आपसूक, ते त्यालाही सांगता आले नाही. पुढची चाके धपकन खाली आली. ती दीड-दोन फूट उचलली गेली होती, असे पाहणाऱ्या तिघांनी नंतर सांगितले.

असे का होते ते सांगतो. इंजिनाची ताकद अ‍ॅक्सलमार्फत चाकाला फिरवते. चाक फिरायला मोकळे असेल तर ट्रॅक्टर पुढे जातो. चाक गाळात रुतून वर बल्लीने जखडले असेल तर ते फिरत नाही, आणि मग तीच ताकद ट्रॅक्टरच्या धडाला अ‍ॅक्सलभोवती उलट दिशेने फिरवते. पुढचे तोंड वर उठते, ठरावीक बिंदूपलीकडे गेले की क्लच दाबूनही परत येत नाही आणि ट्रॅक्टर चालकावर उलटा पडतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट नसते. या ट्रॅक्टरलाही नव्हती. रुतलेला ट्रॅक्टर स्वतःच्या ताकदीने पुढे काढायचा नसतो. आधी मागचे ओझे सोडायचे, चाकांमागची माती उकरायची आणि आल्या चाकोरीने उलटा काढायचा प्रयत्न करायचा. तेवढ्याने निघाला नाही तर बाहेरून ओढायचा.

सुटका

मी इंजिन बंद करायला लावले आणि सर्वांना बांधावर बसवले. नाल्यात पाणी काठोकाठ होते, पट्टीवर पसरायला चार बोटे उरली होती. अशा वेळी जितके चाळवावे तितका गाळ पातळ होतो. मालकाचे एक वयस्कर नातलग तिथे होते, त्यांनी एकच वाक्य सांगितले, “पाणी उतरू दे, जमीन आपोआप धरेल.” आम्ही चार वाजेपर्यंत थांबलो. चिडलेल्या, घाबरलेल्या आणि घरी जायची ओढ असलेल्या माणसांना तीन तास नुसते बसवणे हे त्या दिवसातले सर्वांत अवघड काम होते.

ओहोटी लागल्यावर साखळी आणि बल्ली काढली, ओंडके सोडले, चाकांपुढची माती तिरकी उकरून उतार केला. अंथरायला फांद्या नव्हत्या. ज्यांनी जळण नेले होते त्यांच्याच दारातून तीन भारे परत मागून आणले, पेंढ्याच्या पेंड्या मिळवल्या आणि ते सगळे चाकोरीत दाबून घातले. शेजारच्या गावातून दुसरा ट्रॅक्टर आणून तो खाचरात, टणक तळावर उभा केला. नवा दोर तोवर आला होता. दोराचे एक टोक खाचराच्या कडेच्या जुन्या करंजाच्या बुंध्याला, सालीला इजा होऊ नये म्हणून पोती गुंडाळून बांधले. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला, खाचराकडे तोंड होते तिकडे, कप्पी लावली, दोर तिच्यातून फिरवून दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडला. कप्पी अशी ओझ्याबरोबर सरकती ठेवली की घर्षण सोडता ओढ दुप्पट मिळते, आणि हालचाल निम्म्या वेगाने होते हाही फायदाच असतो. चालकाला ट्रॅक्टरवर बसू दिले नाही, गिअर मोकळा ठेवला. साडेसहाच्या सुमारास ट्रॅक्टर पुढे सरकत खाचरात आला. गावातून दत्तजन्माच्या घंटांचा आवाज येत होता. सर्वांनी हातपाय धुतले आणि घरोघर गेले.

बांध कोणालाच आठवला नाही. अडीच मीटरचे ते खिंडार तसेच राहिले.

खारे पाणी

पौर्णिमेची रात्रीची भरती मध्यरात्रीच्या सुमारास आली. सकाळी मालकाच्या आई खाचराकडे गेल्या तेव्हा आतल्या कोपऱ्यात धसकटांमध्ये पाणी उभे होते. मी पोहोचलो तेव्हा त्या तिथेच होत्या. त्यांनी वाकून बोट पाण्यात बुडवले, जिभेला लावले आणि मला काही न बोलता तेच पाणी बोटावर घेऊन दाखवले. मीही चव घेतली. खारे होते.

ट्रॅक्टर रुतल्याचे आणि माणूस वाचल्याचे आम्ही दिवसभर बोलत होतो. त्या घराच्या दृष्टीने खरे नुकसान हे होते. खाऱ्या जमिनीवर भात घेणे म्हणजे दरवर्षी पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन उघाडीवाटे बाहेर काढणे आणि पुन्हा आत येऊ न देणे. हे कुटुंब पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या, क्षार सोसणाऱ्या पनवेल वाणाचे भात लावते, तरी सोसण्याला मर्यादा असते. पाणी सुमारे दोन गुंठ्यांत पसरले होते. ओहोटीची वाट पाहून आम्ही चर काढून ते परत पट्टीवर सोडले आणि त्याच दिवशी बांध पूर्ववत केला. त्यासाठी माती खाचराच्या दुसऱ्या टोकाची, चिकण घेतली, पट्टीवरची भुसभुशीत गाळमाती वापरली नाही. वीतवीतभर थर टाकून प्रत्येक थर धुमसाने ठोकला आणि जुन्या बांधाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या कोरून नवी माती त्यांत गुंतवली, कारण सरळ जोड दिला तर पुढच्या उधाणाला पाणी नेमके त्या फटीतून वाट काढते.

पट्टीवरच्या चाकोऱ्या जवळजवळ हातभर खोल होत्या. त्या लगेच बुजवायचा मोह होतो, पण ओल्या गाळावर टाकलेली माती तशीच बुडते. त्या फाल्गुनापर्यंत तशाच ठेवल्या आणि तळ सुकल्यावर भरल्या. खाचराच्या कोपऱ्यासाठी एवढेच करता आले की पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांचे पाणी तिथे अडवून, उभे राहू देऊन, ओहोटीला सोडून दिले आणि मग चिखलणी केली. त्या खरिपात त्या दोन गुंठ्यांतली रोपे बाकीच्या खाचरापेक्षा आखूड राहिली आणि टोके पिवळी पडली. पुढच्या वर्षी फरक दिसेनासा झाला.

उरलेले दोन ओंडके

जे दोन ओंडके सोडून ट्रॅक्टर बाहेर काढला होता, ते आम्ही वद्य अष्टमीपर्यंत हलवले नाहीत. त्या दिवशी सकाळी प्रथम पहार टोचली. या वेळी तीन ठिकाणी, आणि नाल्यातले पाणी बांधापासून किती खाली आहे तेही मोजून वहीत लिहिले. पुतण्या बरोबर होता. खाचरात पहार थांबते आणि पट्टीवर थांबत नाही, हे मी त्याच्याच हाताने करून घेतले आणि मागच्या वेळी न सांगितलेले कारण तेव्हा सांगितले. पहार वर काढून तिला चिकटलेला गाळ तो बराच वेळ बोटांनी चोळत राहिला.

ओंडके दीड दीड मीटरचे कापले. तरी एकेक तुकडा दोनशे किलोच्या आसपास होता. ते वाटेवर अंथरलेल्या बल्ल्यांवरून लोळवत आणि जिथे लोळेनात तिथे दांडीला दोर बांधून सहा जणांनी खांद्यावर घेत बांधापर्यंत आणले. तिथून लांब दोराने ट्रॅक्टरने ते खाचरात ओढले, ट्रॅक्टर टणक तळावरच राहिला. चार तुकड्यांना अख्खी सकाळ गेली. पौर्णिमेच्या दिवसाची मजुरी आणि बांधाच्या दुरुस्तीचा खर्च मी मालकाच्या हिशेबात धरला नाही. त्या घरच्या आजी मात्र आम्ही निघेपर्यंत बांधाच्या नव्या जोडावर चालत होत्या, कुठे माती दबते का ते टाचेने दाबून पाहत.